घरी गाडी रंगवताना छाती सांभाळा

दिवाळीला महिना उरला आहे. दारातल्या जुन्या मारुती ८०० च्या दरवाज्यांना खालून गंज धरला आहे आणि बॉनेटचा रंग उडून पांढुरका झाला आहे. गॅरेजवाल्याने डेंटिंग-पेंटिंगचा सांगितलेला आकडा ऐकून घरमालक मनाशी ठरवतात, "एवढे पैसे कशाला? आपणच करू. मागच्या वर्षी स्कूटर नाही का रंगवली!" ओळखीतून कॉम्प्रेसर आणि गन मिळते. रंगाच्या दुकानातून पुट्टी, प्रायमर, थिनर, रंग आणि हार्डनरचा डबा येतो. दोन रविवार घासघिशीत जातात. तिसऱ्या रविवारी ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शेडला चहूबाजूंनी प्लॅस्टिकचा कागद लावून, तोंडाला रुमाल बांधून गृहस्थ रंग मारतात. गाडी चकाकू लागते. शेजारीपाजारी कौतुक करतात. आणि रात्री दोनच्या सुमारास गृहस्थांना जाग येते ती खोकल्याच्या उबळीने. छाती आवळल्यासारखी झालेली असते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत असतो. घरच्यांना वाटते, थंडी बाधली.

हे चित्र आपण नुसते डोळ्यांसमोर आणायचे आहे. पण त्यातील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. तो त्रास थंडीचा नसून दुपारी मारलेल्या रंगाचा असू शकतो, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात येत नाही. म्हणून आजच्या लेखात गाडी घरी रंगवण्याच्या कामाचा आरोग्याच्या बाजूने विचार करू. हौस वाईट नाही. स्वतःच्या हाताने काम करण्यात समाधान आहे आणि पैसेही वाचतात. मात्र यातील कोणते काम घरी करण्यासारखे आहे आणि कोणते नाही, हे ठाऊक असले पाहिजे.

रंगाला हवे ते फुप्फुसाला नको

रंगकामाची एक मोठी अडचण अशी की, जे रंगाला मानवते तेच रंगवणाऱ्याला मानवत नाही. रंग गुळगुळीत बसण्यासाठी जागा बंद हवी, वारा नको, धूळ नको. पावसाळी दमट हवेत तर ड्यूको पद्धतीच्या रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून दारे-खिडक्या आणखीच बंद केल्या जातात. उलट फुप्फुसांना हवी असते मोकळी, खेळती हवा. चांगल्या कार्यशाळेत यासाठी रंगकामाची वेगळी खोली असते. तिच्यात गाळलेली हवा एका बाजूने आत येते आणि रंगाचे तुषार व वाफा पंख्याने सतत बाहेर ओढल्या जातात. रंगाला धूळविरहित हवा मिळते आणि कारागिराला श्वास घेता येतो. घरच्या शेडला प्लॅस्टिक लावले म्हणजे या खोलीचा पहिला अर्धा भाग तयार होतो, दुसरा होत नाही. धूळ बाहेर राहते आणि विष आत कोंडले जाते.

ही एक गोष्ट मनात ठेवली की पुढची सगळी खबरदारी आपोआप समजते.

घासताना उडणारी धूळ

गाडी रंगवण्याच्या कामातला सर्वांत जास्त वेळ घासण्यात जातो. जुना रंग आणि गंज काढायचा, पोचे पुट्टीने भरायचे, पुट्टी ८० ते १८० नंबरच्या पेपरने सपाट करायची, प्रायमरनंतर ४०० आणि शेवटच्या रंगाआधी ६०० ते ८०० नंबरचा वॉटर पेपर मारायचा. या प्रत्येक टप्प्यात धूळ उडते. जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतेक नाकात अडकते किंवा खाली बसते. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असलेले कण मात्र दिसत नाहीत आणि तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात.

शिवाय जुन्या रंगात काय आहे हे वरून कळत नाही. गाडी जितकी जुनी तितके तिच्यावर निरनिराळ्या हातांनी मारलेल्या रंगांचे थर जास्त. पूर्वीच्या पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांत लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य सर्रास वापरले जाई. लोखंडाला गंज चढू नये म्हणून जो शेंदरी प्रायमर लावत, तो शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. (आज दुकानात मिळणाऱ्या तांबड्या रेड ऑक्साइडचे मूळ रंगद्रव्य लोहाचे ऑक्साइड असते, ते वेगळे.) काही पिवळसर प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असते. त्यातील क्रोमियम कर्करोगास कारणीभूत ठरते. भारतात २०१६ साली नियम झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगातील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करण्यात आले. पण हा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी आहे. जुन्या गाडीवरचे जुने थर तर कोणत्याच नियमाने बदलत नाहीत.

शिशाचा सर्वाधिक धोका मुलांना असतो. तेवढेच शिसे पोटात गेले तरी प्रौढ माणसाच्या मानाने लहान मुलाचे शरीर त्यातील चार ते पाचपट शोषून घेते. मूल अंगणात खेळते, हात तोंडात घालते, आणि वडिलांनी झाडून कोपऱ्यात सारलेली धूळ त्याच्या पोटात जाते. शिशाचा परिणाम मेंदूवर होतो आणि तो एका दिवसात दिसत नाही. अभ्यासात मागे पडणे, चिडचिड, पोटदुखी, रक्त कमी होणे अशी लक्षणे हळूहळू येतात व कारण सापडत नाही. शिशाचे अमुक एक प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. गरोदर स्त्रीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते, म्हणून तिनेही या कामापासून पूर्ण दूर राहावे.

यावर उपाय सोपे आहेत. कोरडे घासू नये, पाणी लावून घासावे. वॉटर पेपर पाण्यासाठीच केलेला असतो. पाण्याने धूळ उडत नाही आणि पेपरही लवकर भरत नाही. पुट्टी मात्र पाणी शोषते व पुढे पत्र्याला गंज धरतो, म्हणून पुट्टीचे पहिले घासणे कोरडेच करावे लागते. त्या वेळी मोकळ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, पण धूळ घराकडे जाणार नाही अशा बेताने बसावे आणि एन-९५ प्रकारचा मास्क लावावा. खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे. काम संपल्यावर झाडू मारू नये. ओल्या फडक्याने धूळ टिपून, सगळे गुंडाळून बंद पिशवीत टाकावे. घासण्याचे कपडे वेगळे ठेवावेत, ते घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. हातपाय आणि तोंड धुतल्याशिवाय चहा, पान, तंबाखू, विडी काही नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची धूळ उडवण्याची सवय तर मुळीच नको. त्या दाबाने कण डोळ्यांत, कानांत व जखमेतून कातडीखाली घुसू शकतात.

पाणी लावून घासताना विजेची यंत्रे जवळ नसावीत. ओली जमीन, अनवाणी पाय आणि जोड दिलेली वायर हा योग जिवावर बेततो. ज्या फळीवरून कॉम्प्रेसर चालतो तिला अर्थिंग आहे व घरात गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवलेला आहे, हे आधी पाहून घ्यावे.

डोळ्यांची काळजी

गंज काढण्यासाठी अनेक जण ग्राइंडरला वायर-ब्रश लावतात. त्यातून उडणारा लोखंडाचा कण किंवा तुटलेली तार गोळीसारखी येते. नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो, त्यामुळे तो पुरत नाही. चारही बाजूंनी बंद असा गॉगल थोड्याच पैशांत मिळतो, तो घालावा. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नये. रुमालाचे टोक, काडी किंवा लोहचुंबक घेऊन कण काढून देणारे जाणकार प्रत्येक गल्लीत असतात, त्यांच्याकडे जाऊ नये. बुबुळावर रुतलेल्या लोखंडाच्या कणाभोवती अल्पावधीतच गंजाचे कडे तयार होते आणि ते नेत्रतज्ज्ञालाच काढावे लागते. ग्राइंडर चालू असताना डोळ्याला काही लागले आणि दिसायला अंधुक झाले, तर डोळ्यावर दाब न देता वरून कागदाची वाटी झाकून सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

पुट्टीबरोबर मिळणारी हार्डनरची छोटी नळी आणि फायबरच्या कामात वापरले जाणारे पाण्यासारखे पातळ हार्डनर हे दोन्ही पेरॉक्साइड प्रकारचे असतात. यातील पातळ हार्डनरचा एक थेंबही डोळ्याला गंभीर इजा करतो. तसे झाल्यास क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर किमान वीस मिनिटे धरावी आणि मगच दवाखान्याकडे निघावे. आधी डॉक्टर शोधण्यात वेळ घालवू नये.

थिनर: वास, गुंगी आणि आग

थिनरमध्ये टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन यांसारखी द्रावके असतात. त्यांच्या वाफेने प्रथम डोके जड होते, मग चक्कर, मळमळ, बोलण्यात अडखळणे, दारू प्याल्यासारखी अवस्था. कित्येक जण याला "थोडे गरगरले" म्हणून सोडून देतात व काम पुढे रेटतात. गरगरणे ही शरीराने दिलेली सूचना आहे. त्याच क्षणी गन खाली ठेवून उघड्यावर यावे. काही वेळाने नाक सरावते आणि वास येईनासा होतो. म्हणून वास गेला म्हणजे वाफ गेली असे समजू नये.

हातावरचा रंग थिनरने धुण्याची पद्धत सर्वत्र आहे, ती सोडावी. थिनर कातडीतील नैसर्गिक तेल काढून घेतो, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, इसब होते. शिवाय काही द्रावके कातडीतून शरीरात जातात. काम करण्यापूर्वी हातमोजे घालावेत. रंग लागलाच तर खाद्यतेल चोळून मग साबणाने धुवावे.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरवर जाते. ॲसिटोन आणि टोल्युइनची वाफ आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूतील हवेत पेट घेऊ शकते. शेडमध्ये रंग मारणे चालू आहे आणि चार पावलांवर देवघरात समई, स्वयंपाकघरात गॅस, किंवा पाण्याच्या बंबात जाळ आहे, असे असेल तर आग लागायला आणखी काही नको. विडी-सिगारेट तर नाहीच, पण साधे विजेचे बटण दाबताना उडणारी ठिणगीही पुरते. कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर, वाफ पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. साधा घरगुती पंखा वाफा बाहेर काढण्यासाठी शेडमध्ये लावू नये, कारण त्याच्या मोटारीतही ठिणग्या उडू शकतात.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. उरलेला थिनर शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. तहानलेले मूल बाटली दिसली की तोंडाला लावते. थिनर पोटात गेल्यापेक्षा श्वासनलिकेत गेल्याने जास्त अनर्थ होतो. फुप्फुसाला सूज येऊन मूल दगावू शकते. म्हणूनच अशा वेळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. उलटी होताना तोच थिनर पुन्हा श्वासनलिकेत उतरतो. मूल ठीक दिसत असले तरी बाटलीसह त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

जुना रंग झटपट सुटावा म्हणून पेंट रिमूव्हर आणले जाते. डब्यावर मेथिलीन क्लोराइड (दुसरे नाव डायक्लोरोमिथेन) असे लिहिले असेल तर तो डबा घरी आणूच नये. याची वाफ फुप्फुसातून रक्तात गेली की शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडावा तसा प्रकार शरीराच्या आतच घडतो. बंद जागेत हे रसायन वापरणाऱ्यांचे मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेने २०१९ साली असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकण्यास बंदी केली. वॉटर पेपरला वेळ लागतो, पण त्यात हा धोका नाही.

सर्वांत मोठा धोका: हार्डनर

आता लेखाच्या सुरुवातीच्या गृहस्थांकडे वळू. त्यांच्या छातीला झालेल्या त्रासाचे मूळ बहुधा हार्डनरच्या डब्यात आहे.

गाडीच्या रंगांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक, थिनर उडून गेला की वाळणारा, ज्याला आपल्याकडे ड्यूको म्हणतात तो जुना प्रकार. दुसरा, रंगात किंवा क्लिअर कोटमध्ये हार्डनर मिसळून घट्ट होणारा. यालाच दुकानदार 'टू-के' किंवा 'टू पॅक' म्हणतात. हा दुसरा प्रकार चमकदार व टिकाऊ असल्याने हल्ली त्याचीच चलती आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात.

आयसोसायनेट हे नाव भारतीयांना २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीपासून ठाऊक आहे. भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मेथिल आयसोसायनेट. रंगाच्या हार्डनरमधील रसायन त्याच कुळातले असले तरी वेगळे आहे. ते सहजी वायुरूप होत नाही, त्यामुळे डबा उघडल्याबरोबर भोपाळसारखे काही घडणार नाही. पण गनमधून मारल्यावर त्याचे अतिसूक्ष्म तुषार होतात आणि श्वासाबरोबर थेट छातीत उतरतात. साध्या गनमधून निघालेल्या रंगाचा बराच मोठा भाग पत्र्यावर न बसता हवेतच राहतो. गन बंद केल्यावर धुके विरल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात बारीक तुषार बराच वेळ तरंगत असतात आणि ते दिसत नाहीत. याच वेळी "झाले काम" म्हणून मास्क काढला जातो.

धोकादायक प्रमाणात असतानाही आयसोसायनेटचा वास येत नाही. जो वास येतो तो थिनरचा. त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहता येत नाही.

शरीरावर त्याचा परिणाम दोन प्रकारे होतो. पहिला म्हणजे जागच्या जागी होणारी जळजळ: डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, खोकला. दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे. काही माणसांच्या शरीराला या रसायनाचे वावडे निर्माण होते. हे पहिल्या दिवशी होईल असे नाही. काही वेळा, काही आठवडे किंवा काही महिने काहीच त्रास होत नाही. मागच्या वर्षी स्कूटर रंगवताना आपल्या गृहस्थांना काहीच झाले नव्हते, यात नवल नाही. पण एकदा वावडे तयार झाले की नंतर अगदी अल्प प्रमाणातील रसायनही दम्याचा झटका आणण्यास पुरेसे होते. शेजारच्या गॅरेजवरून नुसते जाण्यानेही असा त्रास होऊ शकतो. हे रसायन कातडीवर सांडल्यानेही वावडे निर्माण होण्यास हातभार लागतो, म्हणून हातमोज्यांशिवाय हार्डनर मिसळू नये.

या दम्याची फसवी बाजू अशी की, झटका पुष्कळदा लगेच येत नाही. चार ते आठ तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री येतो. त्यामुळे रोगी व घरचे लोक त्याचा संबंध दुपारच्या कामाशी जोडत नाहीत. खोकल्याचे औषध घेतले जाते, पुढच्या रविवारी पुन्हा गन हातात घेतली जाते आणि आजार पक्का होत जातो. इनहेलरने झटका आटोक्यात येतो, पण वावडे जात नाही. वेळीच ओळखून रसायनापासून कायमचे दूर राहिल्यास सुधारणा होते. उशीर केल्यास रंगकाम सोडल्यावरही दमा उरतो.

ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत आयसोसायनेटची गणना होते व गाड्या रंगवणारे कारागीर त्यात पुढे असतात. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून, ठरावीक प्रमाणाहून अधिक आयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले आहे. ज्या मालासाठी तिकडे रोजच्या कारागिरालाही शिकवणी घ्यावी लागते, तो आपण रविवारच्या फावल्या वेळात रुमाल बांधून मारतो.

मास्क कोणता?

रुमाल, उपरणे किंवा कापडी मास्क यांचा रंगकामात काहीही उपयोग नाही. २०२० च्या कोरोना साथीमुळे एन-९५ मास्क घरोघरी पोहोचला. तो धुळीसाठी चांगला आहे, पण थिनरची वाफ त्यातून आरपार जाते. साधा ड्यूको किंवा प्रायमर मोकळ्या हवेत मारायचा असेल तर रबराचा, दोन डबीवजा फिल्टर असलेला मास्क लागतो. त्यात द्रावकांच्या वाफेसाठी कोळशाचा आणि पुढे तुषारांसाठी वेगळा, असे दोन्ही फिल्टर असावेत. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीचे खुंट असले तरी कडेने हवा आत शिरते. फिल्टर वापरून संपतो. तो उघडा ठेवला तर नुसत्या हवेनेही निकामी होतो, म्हणून काम झाल्यावर हवाबंद पिशवीत ठेवावा. मास्कमधून वास येऊ लागला की तो बदलावा.

हार्डनर घातलेला टू-के रंग गनने मारण्यासाठी मात्र बाहेरून शुद्ध हवेची नळी जोडलेला मुखवटा आणि वर सांगितलेली वेगळी खोली, या दोन्ही गोष्टी लागतात. त्या घरी होत नाहीत. बाजारात मिळणाऱ्या ज्या स्प्रेच्या डब्यांत तळाचे बटण दाबून हार्डनर सोडायचा असतो, त्यांनाही हेच लागू आहे. डबा लहान असला तरी रसायन तेच.

मग घरी काय करावे?

सगळेच काम गॅरेजकडे सोपवावे असे नाही. कामाची वाटणी करावी. गाडी धुणे, जुने रबर व दिवे काढणे, गंज घासणे, पोचे भरणे, पाणी लावून घासणे आणि कागद-टेपने काचा झाकणे ही कामे वरील काळजी घेऊन घरी करता येतात. मजुरीचा मोठा भाग याच कामांत असतो, त्यामुळे बचतही होते. लहानसहान ओरखडे व गंजाचे डाग हार्डनर नसलेल्या रंगाने, ब्रशने किंवा टच-अपच्या बाटलीने उघड्यावर भरावेत. अखेरचा टू-के रंग व क्लिअर कोट मात्र रंगकामाची खोली असलेल्या कार्यशाळेत मारून घ्यावा. तयार केलेली गाडी घेऊन केवळ रंग मारण्यापुरते बोलणे करता येते. गाडी परत आल्यावर रंग पूर्ण पक्का होईपर्यंत काही दिवस तिच्यावर वॉटर पेपर चालवू नये, कारण अर्धवट पिकलेल्या रंगाच्या धुळीत हार्डनरचा अंश असतो.

दमा, जुनाट खोकला, ॲलर्जी किंवा इसब असलेल्यांनी हार्डनरच्या वाटेला जाऊच नये. काम चालू असताना मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि पाळीव जनावरे लांब ठेवावीत. उरलेला थिनर गटारात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. तो झाकणबंद पत्र्याच्या डब्यात, नाव लिहून, कुलपात ठेवावा व पुढच्या वेळी गन धुण्यास वापरावा. हार्डनरच्या डब्यात पाणी किंवा ओली काडी जाऊ देऊ नये. पाण्याशी संबंध येताच त्यातून वायू सुटतो आणि झाकण घट्ट असेल तर डबा फुटू शकतो.

अपघात झालाच तर

श्वासाचा त्रास सुरू झाल्यास माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, कपडे सैल करावेत व आडवे न करता बसते ठेवावे. दम्याचा रोगी असल्यास त्याचा नेहमीचा इनहेलर द्यावा. धाप वाढत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा वाक्य पुरे बोलता येत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंद शेडमध्ये कोणी बेशुद्ध पडले असेल तर आधी प्लॅस्टिक फाडून हवा मोकळी करावी. तसेच आत धावणारा दुसराही पडतो.

थिनरच्या आगीवर पाणी टाकू नये, त्याने पेटता थिनर पसरतो. वाळूची बादली आणि कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे आधीच हाताशी ठेवावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या भागावर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये.

डॉक्टरांकडे जाताना रंगाचे व हार्डनरचे डबे, निदान त्यांवरील लेबलचा फोटो बरोबर न्यावा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे, "मी आज दुपारी गाडीला रंग मारला." रात्रीच्या खोकल्याचे निदान या एका वाक्याने बदलू शकते. घरात लहान मूल असेल आणि त्याच्या वावरण्याच्या जागी जुना रंग घासला गेला असेल, तर रक्तातील शिशाची तपासणी करावी का, हेही विचारून घ्यावे.

गाडी पुन्हा रंगवता येते, पत्रा बदलता येतो. फुप्फुसे बदलून मिळत नाहीत. शिर सलामत तर पगडी पचास, असे आपल्याकडे म्हणतात. या दिवाळीला गाडी घासून तयार करण्याचे काम जरूर घरी करावे, पण हार्डनरचा डबा दुकानातच राहू द्यावा.